डबा रिकामा करण्याआधी

पडद्याने विचारलं, ‘यातलं सगळं कायमचं पुसायचं का?’ आणि तिने ‘होय’वर टिचकी मारली. कागद चुरगाळल्यासारखा आवाज आला. मग तिने खुर्ची पुढे ओढून घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वडिलांनी लिहून ठेवलेलं शोधायला सुरुवात केली.

ती पहिली टिचकी तिने विचार करून मारलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काही माणसांचा हात भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करायला जातो, तसा तिचा हात कोणत्याही कॉम्प्युटरसमोर बसलं की आधी कचरापेटीकडे जाई. एका विमा कंपनीच्या कार्यालयात ती कॉम्प्युटर विभागात होती. मजल्यामजल्यावर फिरून लोकांची अडलेली यंत्रं चालू करून देणं हे तिचं काम. आधी कचरा काढायचा, मग दुखणं विचारायचं, ही रीत तिथे तिनेच पाडली होती.

वडील जाऊन महिना होत आला होता. तेव्हापासून ती स्वतःच्या घराला कुलूप लावून आईकडेच राहत होती. वडिलांचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खिडकीखाली होता आणि खुर्चीवर त्यांची चपटी झालेली उशी अजून तशीच होती. सकाळी आई म्हणाली होती, "ह्यांनी तुझ्यासाठी लिहून ठेवलंय ते काढ आता. मलाही वाचून दाखव." ती बरं म्हणाली होती. या महिन्यात ती सगळ्याच गोष्टींना बरं म्हणत होती.

‘माझ्या फाइली’ उघडून पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. ‘चित्रं’ उघडून पाहिलं तर यंत्राबरोबर आलेला एक डोंगर होता.

"आई, बाबांनी ठेवलंय कुठे? इथे तर काहीच दिसत नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तिथे कुठलं असायला," आई आतून म्हणाली. "ह्यांचं सगळं डब्यात असायचं."

"कसल्या डब्यात?"

"अगं, त्या पडद्यावरच्या. कोपऱ्यात आहे बघ, कागद वर आलेला. कचऱ्याचा डबा. तूच सांगितलं होतंस ना त्यांना?"

तिने कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. कोपऱ्यातला डबा रिकामा होता. चित्रातला असला तरी रिकामा डबा रिकामाच दिसतो. आता पोटात गोळा यायला हवा, असं तिला वाटलं. आला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपला नाहीसा होतो, चहा हनुवटीवरून ओघळतो तरी कळत नाही, तसं तिचं महिनाभर चाललं होतं. फक्त तिचं ओठावर भागलं नव्हतं.

आई चहाचा कप घेऊन बाहेर आली. कप ठेवून तिने हातातल्या फडक्याने पडद्याची कड पुसली. धूळ नव्हती, रोज पुसायची म्हणून पुसली. खालच्या कोपऱ्यापाशी फडकं जरा थांबलं.

"सापडेल ना?"

"बघते."

"सावकाश बघ. घाई नाही," आई म्हणाली आणि आत गेली.

आई दिसेनाशी झाल्यावर आणखी काही पुसलं जाऊ नये म्हणून तिने वाकून भिंतीतली पिन उपटली. यंत्राच्या पंख्याची घरघर बंद पडली आणि खोलीत एकदम बाहेरच्या रस्त्याचा आवाज आला.

वडील बस कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने केली, आता जरा बसायला शिकतील, म्हणून निवृत्तीनंतर मुलीनेच त्यांना कॉम्प्युटर आणून दिला होता. शिकवता शिकवता तिच्या नाकी नऊ आले. ते लिहायचे छान, पण लिहिलेलं ठेवायचे कुठे ते त्यांनाच सापडायचं नाही. फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात आणखी एक, हा प्रकार त्यांना मुळात मान्य नव्हता. "गाडीला एक दार बास असतं," ते म्हणायचे. एकदा वैतागून ती बोलून गेली, "मग कचऱ्याच्या डब्यात टाका बाबा. तिथून काही हरवत नाही. टाकलेलं परत काढता येतं." ती गमतीने बोलली, त्यांनी मनावर घेतलं. डबा कायम समोर दिसायचा, एकच होता, आणि आत काही असलं की कागद वर आलेला दिसायचा. लिहायचं झालं की फाइल डब्यातून बाहेर काढायची, लिहून झालं की परत डब्यात टाकायची. पुढे तिने त्यांना रीतसर पद्धत शिकवली होती आणि ते हो हो म्हणाले होते. कंडक्टर माणूस हो सगळ्यांनाच म्हणतो.

कार्यालयात तिला सगळे टीपताई म्हणत, ते तिच्या गुरुवारच्या टिपेमुळे. दर गुरुवारी चहाच्या सुट्टीनंतर लिफ्टशेजारच्या फळ्यावर ती एक कागद टाचायची. कॉम्प्युटर वापरणाऱ्या साध्या माणसासाठी एक साधी सूचना आणि तिच्या शेपटाला एक गंमत. ‘काम होईना म्हणून एकाच बटणावर दहादा टिचकी मारू नका. ड्रायव्हरला एक घंटी पुरते. दहा दिल्यात तर तो गाडी थांबवून मागे बघायला येतो.’ किंवा, ‘सगळं एकदम उघडून ठेवू नका. उभ्याने जाणाऱ्यांनाही मर्यादा असते. चार जणांना उतरवा, गाडी आपोआप पळेल.’ किंवा, ‘कीबोर्डवर चहा सांडला तर आधी वायर काढा, मग कीबोर्ड उपडा घाला, आणि मगच म्हणा की मी नाही सांडला.’ लोक आलेली लिफ्ट सोडायचे पण कागद वाचून जायचे. लेखाविभागाचे साहेब तर वाचून झाल्यावर मान हलवत जिन्यानेच जायचे.

त्यातली अक्कल तिची होती आणि गंमत वडिलांची. हे कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हतं. गुरुवारी चहाच्या सुट्टीत ती घरी फोन लावायची आणि सूचना वाचून दाखवायची. वडील म्हणायचे, "थांब." मग थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा. मग, "लिहून घे." ती लिहून घ्यायची आणि जागच्या जागी हसायची, शेजारच्या टेबलावरचे बघायला लागेपर्यंत. आई स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं एवढं हसायला, आणि वडील तिला सांगायचे नाहीत. आधी फळ्यावर लागू दे, मग ऐक. संध्याकाळी ऐकून आई म्हणायची, "बरं आहे." आईकडून याहून मोठी दाद कोणाला मिळालेली नव्हती.

आजारपणात त्यांनी पुढच्या टिपांची बेगमी करायला घेतली. "मी रजेवर गेलो म्हणून गाडी बंद पडायला नको," ते मुलीला म्हणाले होते. "गमती लिहून ठेवतोय. प्रत्येकीच्या आधी तुझ्या अकलेपुरती जागा सोडलीये. भर म्हणजे झालं." तिने तेव्हा विषय बदलला होता. कुठे ठेवताय, हे तिने विचारलं नाही.

डबा रिकामा केला त्या संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "दुपारी मी पडले असले की हे लिहायला बसायचे. एकटेच हसायचे. खोकला लागेपर्यंत हसायचे. मी विचारलं की म्हणायचे, गुरुवारी कळेल."

"हं."

"शेवटी शेवटी तर फारच. कशाला एवढं हसले ते मला ऐकायचंय बघ."

तिने घास हातात घेतला, परत ताटात ठेवला, आणि ताटातलं या कडेचं त्या कडेला नेलं. आईने ते पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

हरवलेलं परत मिळायची आशा किती, हे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये आधी जुन्या पद्धतीची, फिरणारी डिस्क होती. तिच्यातून काही पुसलं तरी नुसती पाटी निघायची. सामान जागच्या जागी असायचं आणि त्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत खटपट करून काढता यायचं. पण ती फार कुरकुर करायची. म्हणून गेल्या वर्षी तिने हौसेने नवी चिपवाली डिस्क बसवून दिली. झटपट चालणारी, आवाज न करणारी. ही डिस्क पुसायला सांगितलेलं खरंच पुसते, तेही लगेच, पुन्हा न विचारता. बरं, दररोज आपोआप प्रत काढून ठेवायची सोयही तिने करून दिली होती. ती सोय दररोज प्रामाणिकपणे ‘माझ्या फाइली’ची प्रत काढत होती, आणि ‘माझ्या फाइली’त काही नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ‘होय म्हणण्याआधी वाचा’ ही टीपही तिचीच होती.

तरी तिने डिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि सकाळी कार्यालयात नेली. तळमजल्यावर यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. टेबलावर उघडी पडलेली यंत्रं आणि त्यांच्यामध्ये जेवणाचा डबा, अशी त्यांची बैठक.

"कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरची आहे. कचरापेटी रिकामी झाली. आत कामाचं होतं."

"कचरापेटीत कामाचं?" डॉक्टर हसले. "टीपताई, असली माणसं तुमच्याच वाट्याला येतात. केली कोणी रिकामी?"

तिने रुमालाची घडी घातली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग डिस्क हातात घेऊन उलटी केली आणि वरचं लेबल वाचलं. ते पुढे हसले नाहीत. त्यांनी ती आपल्या यंत्राला जोडली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ती शेजारी उभी राहिली. तिने त्यांच्या टेबलावरचे स्क्रू आकाराप्रमाणे लावून ठेवले.

"साफ आहे," शेवटी ते म्हणाले. "धुतल्यासारखी. जुनी असती तर काहीतरी हाती लागलं असतं."

"माहितीये."

"मग आणलीत कशाला?"

"कोणीतरी दुसऱ्याने म्हणावं म्हणून," ती म्हणाली. डिस्क तिने पुन्हा रुमालात गुंडाळली.

परत जाताना बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. आपला स्टॉप गेला हे तिच्या लक्षात आलं नाही. गाडी शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली तेव्हा कंडक्टर मागच्या दारापासून पुढे येत होता, एकेका सीटपाशी वाकून खाली बघत. वडीलही असंच करायचे. डेपोत गाडी लावण्याआधी सीटखाली बघायचं, कोणाचं काय राहिलंय. त्यांना छत्र्या मिळायच्या, डबे मिळायचे, एकदा कवळी मिळाली होती आणि ती न्यायला आलेला माणूस तोंडावर हात धरून खुणेनेच बोलत होता. ही गोष्ट ते दरवेळी नव्याने सांगायचे.

"बाई, गाडी पुढे जात नाही," कंडक्टर म्हणाला.

ती उतरली. आपण आता रडणार असं तिला वाटलं, आणि ती तशी थांब्यावर उभी राहिली. पण रडू आलं नाही. तेव्हा ती उलट्या दिशेच्या गाडीत बसली.

डिस्क परत जागेवर बसवली. यंत्र सुरू झालं, रिकामा डबा रिकामाच होता. आईने विचारलं की सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. शब्दसुद्धा ठरवले. पण आईने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. एरवी दुधाच्या पिशवीवरून तीन प्रश्न विचारणारी आई या एका गोष्टीवर गप्प बसली होती. ती जेवायला वाढायची, मुलीच्या ताटाकडे बघायची, आणि कोणाचं तरी लग्न, कोणाचा तरी पाय मोडला, असलं काहीबाही बोलायची. विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता सांगायला तोंड उघडत नव्हतं. आईला यातलं काही कळत नाही, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट, असं तिला वाटत होतं.

तसं आईला पुष्कळ कळायचं. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, कानाला यंत्र लावून लोकांच्या लाइनी जोडण्यात. पलीकडच्या माणसाने श्वास कसा घेतला यावरून बातमी चांगली की वाईट ते आधी कळतं, असं ती सांगायची. आणि ऑपरेटरने एक पथ्य पाळायचं असतं: बोलणारा थांबला म्हणून आपण होऊन लाइन तोडायची नाही. वडील तिला चिडवायचे की म्हणूनच हिचे फोन संपत नाहीत.

महिन्याभरात टिपा मात्र कोरड्या झाल्या होत्या. वडील गेल्यावरच्या पहिल्या गुरुवारी तिने लिहिलं, ‘महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा.’ त्यानंतरच्या गुरुवारी, ‘अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका.’ लोक वाचायचे आणि आलेल्या लिफ्टमध्ये शिरायचे. लेखाविभागाचे साहेब एकदा तिच्यापाशी रेंगाळले.

"टीपताई, सूचना अगदी योग्य आहे हं," ते म्हणाले. "फक्त जरा परिपत्रकासारखी वाटली."

"बरं," ती म्हणाली.

मग तिच्या मनात आलं की आपणच लिहावं. आईला काय, हसायला काहीतरी हवं आहे. बाबांच्या दहाबारा गमती आपण बनवायच्या, मोठ्या अक्षरात छापायच्या आणि म्हणायचं, सापडल्या. एवढी वर्षं लिहून घेतलंय, चाल तर पाठ आहे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती बसली. ‘पासवर्ड पडद्यावर चिकटवू नका,’ तिने लिहिलं, आणि पुढे, ‘कारण कंडक्टर आपली पिशवी सीटवर ठेवत नाही.’ वाचून पाहिलं. खरं होतं, पण हसू येत नव्हतं. तिने घंटी घातली, ड्रायव्हर घातला, सुट्टे पैसे घातले, गर्दी घातली. सगळं सामान होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. बाबा असते तर काय म्हणाले असते ते तिला सुचेना. थांब, एवढंच ऐकू येत होतं. तिने लिहिलेलं पुसून टाकलं. ते टाकताना यंत्राने विचारलं, नक्की का, आणि तिने या वेळी प्रश्न शेवटपर्यंत वाचला.

पुढचा दिवस गुरुवारचा होता.

चहाची सुट्टी झाली तेव्हा तिच्या समोर कोरा कागद होता. तिने त्यावर एक ओळ लिहिली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग हाताने सवयीने फोन उचलला आणि घरचा नंबर फिरवला. वाजायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की पलीकडे उचलायला बाबा नाहीत. ठेवणार तोच आईचा आवाज आला.

"हं, बोला."

"मी आहे."

"बोल."

आज जेवायला वाट बघू नकोस, असं काहीतरी ती सांगणार होती. तिने कागद जवळ ओढला.

"आई, या आठवड्याची टीप वाचू का?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"वाच."

"‘कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी एकदा उघडून आत बघा.’"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी कपात चमचा फिरवत होतं.

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढे काही नाही. पुढचं बाबा करायचे." तिचा आवाज सरळ होता, परिपत्रक वाचल्यासारखा. "आई, मला तुला सांगायचं होतं, मी त्या दिवशी..."

"थांब," आई म्हणाली.

ती थांबली. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तिने नकळत पेन हातात घेतलं.

"लिहून घे," आई म्हणाली. "‘आणि न बघता रिकामा केलाच असेल, तर आईला सांगून टाका. तिला ते आधीच कळलेलं असतं. पण तुम्हाला दोन घास तरी जातील.’"

तिने लिहून घेतलं. शेवटचा शब्द लिहून झाला, पुढे पूर्णविराम दिला, आणि मग तिला काय लिहिलं ते वाचता आलं.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. पडदा पुसताना. डब्यातला कागद वर आलेला असायचा ना, तो नव्हता. पडदा मी रोज पुसते. मला दिसणार नाही होय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तू खोटं बोलली असतीस. मग ते तुला निस्तरत बसावं लागलं असतं."

ती हसली. ते हसू नाकातून आलं, जसं गुरुवारी यायचं तसं, आणि अर्ध्या वाटेत त्याचं दुसरंच काही झालं. तिने कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं. महिनाभर कुठे अडकून पडलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम आलं, आणि ते दुखत होतं. बाबांचं हसणं गेलं होतं, तिनेच घालवलं होतं, आणि ते आता कोणालाही परत काढता येणार नव्हतं. शेजारचा चमचा थांबला. लोक बघत असतील तर बघोत, असं तिला वाटलं.

"बाबा कशाला हसायचे ते आता तुला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. शब्द नीट उमटले की नाही तिला कळलं नाही.

"नाही कळणार," आई म्हणाली. तिचाही आवाज आता तितकासा सरळ राहिला नव्हता.

चहाची सुट्टी संपली, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी तिच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून गेलं. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. पलीकडून श्वास येत होता. लाइन चालू होती.

"झालं का रडून?" खूप वेळाने आईने विचारलं.

"हं."

"मग आता सगळं एकदम वाच. माझं त्यात बसतंय का बघू."